कातळावर मारवाडचं गवत लावावं का?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही धागा लागेल. राजापूर तालुक्यात तुमचं घर, वर दोन एकर सडा, म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार, खाली वीस गुंठे माडाची वाडी, तीन म्हशी आणि आठ शेळ्या. पावसात चार महिने अंगण सुकत नाही, आणि मार्च उजाडला की वैरणीची गाडी घाटावरून मागवावी लागते. जैसलमेरकडची सेवण, अंजन गवत आणि बिनकाट्याचा निवडुंग यांचा व्हिडिओ पाहून तुम्ही विचारलंत की जिथं वर्षाला २०० मिलिमीटरही पाऊस नाही तिथं जी झाडं जनावरं जगवतात, ती आमच्या कातळावर का जगवणार नाहीत?

माझं जवळजवळ सगळं आयुष्य चारापिकांत गेलं. काही वर्षं राजस्थानात, बाकीची कोकणात. तेव्हा सरळ सांगतो: सेवण आणि अंजन सड्यावर लावू नका. तुम्हाला भीती आहे मे महिन्याची, पण ही गवतं तुमच्याकडे जुलैतच जातील.

वीसेक वर्षांपूर्वी मी स्वतः घराच्या वरच्या बाजूला अंजनाचे चार वाफे केले होते. जूनमध्ये रोपं अशी जोमात आली की मी शेजाऱ्यांना बोलावून दाखवली. आषाढाची झड लागली, पंधरा दिवस सूर्य दिसला नाही, आणि जुलैअखेर पानं टोकाकडून पिवळी पडायला लागली. उपटून पाहिलं तर मुळं काळी, बोटांनी दाबली की साल सुटून यायची. चारातले तीन वाफे गेले. चौथा बांधाच्या उतारावर होता, त्यातले काही ठोंब वाचले.

मुळालाही श्वास घ्यावा लागतो. वाळूत दोन कणांमध्ये हवा खेळती असते. जमीन पाण्याने भरली की ती हवा जाते, आणि पाण्यातून ऑक्सिजन हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो. भाताच्या मुळात आणि खोडात हवेच्या पोकळ्या असतात, पानातली हवा नळीसारखी खाली उतरते, म्हणून भात चिखलात सुखाने उभा राहतो. सेवणीला आणि अंजनाला ही सोय कधी लागलीच नाही. सेवणीची मुळं तर वाळूचं जाड आवरण घट्ट धरून असतात. तापलेल्या वाळूत ओल टिकवायला ते उत्तम, साचलेल्या पाण्यात त्याचा काही उपयोग नाही. सड्याचं तर असं, की कातळावरच्या खळग्यात वीतभर माती आणि खाली अखंड दगड. पावसात तो खळगा म्हणजे भरलेली परात.

दुसरं कारण मातीच्या आंबटपणाचं. तो पीएचमध्ये मोजतात, आकडा जितका कमी तितकी माती आंबट. अंजनाला ७ ते ८ पीएचची जमीन मानवते. आपली जांभ्याची माती बहुतेक ठिकाणी ५ ते ६ च्या दरम्यान. पीएच ५.५ च्या खाली उतरला की मातीतलं अ‍ॅल्युमिनियम विरघळायला लागतं आणि मुळांची टोकं जाड, आखूड, खुरटी होतात. जे झाड खोल मुळांच्या जोरावर दुष्काळ काढतं, त्याची मुळंच खुंटली तर उरलं काय?

आता तुमच्या प्रश्नातला जो भाग मला मनापासून आवडला त्याकडे येतो. सड्यावर वाळवंट आहे हे तुम्ही अगदी बरोबर ओळखलंत. रत्नागिरी जिल्ह्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पण तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर, आणि जांभा तो धरून ठेवत नाही. एप्रिलच्या दुपारी सड्यावर अनवाणी उभं राहवत नाही. तिथल्या झाडाच्या दृष्टीने ते आठ महिने मारवाडच असतात. फरक एवढाच की कोकणातल्या झाडाला त्याआधीचे चार महिने बुडून काढावे लागतात. हे दोन्ही जमणारी झाडं बाहेरून आणायची गरज नाही. ती तुमच्या सड्यावर माणसाच्या कितीतरी आधीपासून आहेत.

दुष्काळाला तोंड द्यायच्या वनस्पतींच्या तीन तऱ्हा आम्ही मानतो. पहिली, दुष्काळ यायच्या आत आयुष्य उरकून घेणं. सड्यावरची बहुतेक गवतं हेच करतात: मृगात उगवायचं, भाद्रपदात फुलोरा, दसऱ्यापर्यंत बी गाळून मोकळं. तुमच्या कपड्यांना चिकटणारी कुसळं आठवा. त्या कुसळाच्या लांब शेपटीला पीळ असतो. दमट हवेत तो सुटतो, कोरड्या हवेत पुन्हा बसतो. दवाने भिजणं आणि उन्हाने सुकणं यातच ती शेपटी गिरमिटासारखी फिरते आणि बी मातीच्या भेगेत रुतत जातं. वणवा वरून गेला तरी आतलं बी बचावतं. मारवाडातलीही कितीतरी गवतं याच घाईने आयुष्य उरकतात.

दुसरी तऱ्हा म्हणजे झाडाच्या आत दुष्काळ शिरूच न देणं. कंदात साठा करून जमिनीखाली झोपायचं, जशी पावसाच्या सुरुवातीला पांढरी फुलं घेऊन वर येणारी आपली कोकण दिपकाडी झोपते. किंवा मुळं एवढी खोल न्यायची की पाणी तुटतच नाही, जशी राजस्थानातल्या खेजडीची असतात. खेजडी म्हणजे आपली शमी. १७३० साली जोधपूरजवळ खेजडली गावात अमृतादेवी आणि इतर बिश्नोई स्त्री-पुरुष मिळून ३६३ जणांनी या झाडांसाठी प्राण दिले, ते उगाच नव्हे. दुष्काळात त्या मुलखात जनावरांच्या तोंडी पडणारा हिरवा पाला तिचाच.

तिसरी तऱ्हा सगळ्यांत विलक्षण, आणि ती तुमच्या पायाखाली आहे. सड्यावर ट्रायपोगॉन नावाचं बोटभर उंचीचं गवत दगडाला बिलगून वाढतं. उन्हाळ्यात ते वाळून सुतळीच्या तुकड्यांसारखं दिसतं. सामान्य झाडाच्या पानातलं निम्म्याहून जास्त पाणी गेलं की पान पुन्हा उभं राहत नाही. ही गवतं ९० टक्क्यांच्या वर पाणी गमावतात, महिनोन्‌महिने तशीच राहतात, आणि पहिल्या पावसानंतर दिवसा-दोन दिवसांत तीच जुनी पानं हिरवी होतात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या अभ्यासकांनी पश्चिम घाटातल्या कातळांवरून अशा ६२ जातींची यादी केली. त्याआधी जेमतेम नऊ माहीत होत्या. मेमध्ये एक गड्डी काढून बशीत पाणी घालून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी मुलांना दाखवा. पेशीत होतं असं: पाणी कमी होत जातं तशी पेशी साखरा जमवते, आणि शेवटी आतला रस काचेसारखा घट्ट होतो. त्या काचेत प्रथिनं आणि पेशींचे पडदे जसेच्या तसे धरून ठेवले जातात. काही खास प्रथिनं त्यांच्याभोवती कवचासारखी बसतात. पिकणाऱ्या बियांमध्ये हीच प्रथिनं तयार होतात, म्हणजे हे गवत बियाची युक्ती पानात वापरतं. सोबत प्रकाशसंश्लेषण वेळेवर बंद करावं लागतं, नाहीतर पाणी नसताना ऊन पानालाच जाळतं.

एवढं वाचल्यावर तुम्ही म्हणाल, मग हेच गवत म्हशींना घालू! इथंच माझं खरं सांगणं आहे. ट्रायपोगॉन मरत नाही, कारण ते तेव्हा वाढतही नाही. पर्णरंध्रं मिटली की पाणी वाचतं, पण त्याच वाटेने कार्बन डाय-ऑक्साइड आत येतो, म्हणजे वाढही थांबते. चारा म्हणजे वाढ. दुष्काळ सोसणारं झाड वाढ गहाण ठेवून सोसतं, मग ते सेवण असो की सड्यावरचं गवत. सेवणही उन्हाळ्यात हिरवीगार उभी नसते. ती बुडख्यात जीव धरून असते आणि पावसाच्या सरीवर फुटते. मारवाडातले लोक सेवण कापून, वाळवून साठवतात, खेजडीचा पाला छाटून, सुकवून ‘लूंग’ म्हणून भरून ठेवतात. वाळवंटात जनावर जगतं त्यात झाडाच्या चिवटपणाइतकाच माणसाच्या साठवणीचा वाटा आहे, आणि व्हिडिओत तो भाग दिसत नाही. मे महिन्यात चारा हवा तर वाटा दोनच: पावसात वाढलेलं नीट साठवायचं, किंवा ज्याची मुळं मेमध्येही पाण्यापर्यंत पोचतात असं काहीतरी लावायचं.

साठवणीत आपण कोकणातले फार कमी पडतो, आणि गवत मुबलक असून कमी पडतो. दसरा-दिवाळीनंतर सडा पिवळा झाला की गवत कापायचं, भारे बांधायचे, उडवी रचायची ही रीत. तोवर त्या गवतातलं सत्त्व बियात गेलेलं असतं आणि बी गळून गेलेलं असतं. फुलोऱ्याच्या आधी जिथं ७-८ टक्के प्रथिनं असतात तिथं पिकल्यावर ३ टक्क्यांच्या आसपास उरतात. म्हशीच्या पोटात चारा पचवणारे जे सूक्ष्मजीव असतात त्यांनाच साधारण ७ टक्के प्रथिनं लागतात. त्याखाली म्हैस पोट भरून खाते आणि तरी वाळत जाते. वडीलधारी माणसं उशिरा कापायची, कारण भाद्रपदात कापलेलं गवत वाळवायचं कुठं? त्यांचं बरोबरच होतं. तुमच्याकडे मात्र प्लास्टिकचं पिंप आणि पिशवी आहे, त्यामुळे गवत वाळवण्याची गरजच नाही. मुरघास करा, म्हणजे हिरवा चारा हवाबंद आंबवून ठेवा.

सप्टेंबरात, गवत पोटरीत येऊन फुलोरा निघायला लागला की, पाऊस उघडलेला दिवस बघून कापा. कुसळ टोकदार व्हायच्या आत कापलंत तर जनावराच्या तोंडाला इजाही होत नाही. चार-सहा तास मांगरात पसरून मरगळू द्या; मुठीत पिळलं तर पाणी गळता कामा नये, पण हात ओलसर व्हावा. मग दोन सेंटिमीटरची कुट्टी. रानगवतात साखर कमी असते आणि आंबवणारे जिवाणू साखरेवरच जगतात, म्हणून १०० किलो कुट्टीला एक-दीड किलो गूळ थोड्या पाण्यात विरघळवून शिंपडा. पिशवीत थराथराने पायांनी दाबा. हवा राहिली तर बुरशी येणार, यात तडजोड नाही. तोंड घट्ट बांधून ४५ दिवस हात लावू नका. उघडल्यावर ताकासारखा आंबूस वास यायला हवा. कुजका वास आला किंवा काळा बुरसा दिसला तर तेवढा भाग खतात टाका, जनावराला नको. हिशोब असा करा: तीन म्हशी, दर म्हशीला रोज १५ किलो, मार्च ते पावसाच्या तोंडापर्यंत १०० दिवस. म्हणजे साडेचार टन, ५० किलोच्या ९० पिशव्या. पहिल्या वर्षी तीस पिशव्या करा, हात बसू द्या. मुरघासाला मका सर्वांत चांगला हे खरंच, पण आपल्याकडे रानडुक्कर आणि वानर तो तुमच्या आधी काढतात, म्हणून मी तो सुचवत नाही.

भाताचा पेंढा असेल तर तोही सुधारता येतो. १०० किलो पेंढ्याला ४ किलो युरिया ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थरांवर सारखा शिंपायचा, ताडपत्रीने हवाबंद झाकून तीन आठवडे ठेवायचा. खाऊ घालण्याआधी तासभर पसरून उग्र वास जाऊ द्या. सहा महिन्यांखालच्या रेडकांना हा पेंढा अजिबात नको, आणि युरियाचं पाणी किंवा पिशवी जनावराच्या तोंडाजवळ येता कामा नये. त्याने जनावर तासाभरात दगावतं.

आता पाण्यापर्यंत पोचणाऱ्या झाडांकडे. तुमच्या गोठ्याचं आणि न्हाणीचं पाणी कुठं जातं ते मला लिहून कळवा. जिथं जातं तिथं संकरित नेपियर लावा. हे गवत मला फार आवडतं, कारण त्यात अर्धं वाळवंट आहे. त्याची एक बाजू बाजरी, सहाराच्या दक्षिण काठावर माणसाळलेलं पीक, १४ गुणसूत्रांचं. दुसरी बाजू आफ्रिकेतलं हत्तीगवत, २८ गुणसूत्रांचं. संकरात २१ येतात, जोड्या जुळत नाहीत, म्हणून रुजणारं बी धरत नाही आणि कांड्यांवरच लावावं लागतं. मका, ज्वारी, ऊस आणि सड्यावरच्या बहुतेक गवतांप्रमाणे हेही सी-४ पद्धतीने अन्न तयार करतं, म्हणजे पानात कार्बन डाय-ऑक्साइड आधी एका थरात पकडून आतल्या थरात कोंडतं. त्यामुळे रंध्रं कमी उघडूनही काम भागतं. भातासारख्या सी-३ पिकाच्या मानाने तेवढ्याच वाढीला साधारण निम्मं पाणी लागतं. राहुरी विद्यापीठाचं फुले जयवंत किंवा कोइम्बतूरचं को-५, जे जवळ मिळेल ते घ्या. दोन डोळ्यांच्या कांड्या, ९० बाय ६० सेंटिमीटरवर. एका गुंठ्याला १८५ च्या आसपास लागतील. पहिली कापणी दोन-अडीच महिन्यांनी, मग दर दीड महिन्याने. कोवळ्या नेपियरमध्ये ऑक्झलेट जास्त असतं, ते कॅल्शियम बांधून ठेवतं, म्हणून दुभत्या म्हशीला खनिज मिश्रण चुकवू नका.

माडाखाली गिनी गवत लावा, ते सावली सोसतं. आंबट जमिनीसाठी सिग्नल गवतही आहे. ब्रॅकिएरिया डेकम्बेन्स ही त्याची जात अ‍ॅल्युमिनियमला फार कमी गवतांना जमतं तसं तोंड देते. मात्र तिच्या भावकीतलं काँगो सिग्नल हे गुण घेऊन आलेलं नाही, त्याला बरी जमीन लागते. नर्सरीत दोन्ही ‘सिग्नल’ म्हणूनच देतात, विचारून घ्या. आणि डेकम्बेन्स शेळ्यांना एकटं घालू नका. त्यातल्या सॅपोनिनमुळे यकृत बिघडून उन्हात कातडी सुजते. शेळ्यांसाठी बांधावर स्टायलो पेरा. ते शेंगावर्गी आहे, आंबट आणि गरीब जमिनीत तगतं. बी टणक असतं, गरम पाण्यात काही मिनिटं बुडवून मग पेरायचं.

झाडांच्या पाल्याबद्दल. राजस्थानात ‘धामण’ म्हटलं की अंजन गवत समजतात, आणि आपल्याकडे धामण म्हणजे रानातलं झाड, नाहीतर साप. एका बैठकीत मी आणि जोधपूरचा एक सहकारी दहा मिनिटं एकाच शब्दाने दोन वेगळ्या गोष्टी बोलत होतो! तर आपल्या धामणीचा पाला जनावरं आवडीने खातात, आसाण्याचाही खातात, आणि फणसाच्या पानांवर शेळ्या कशा तुटून पडतात ते तुम्हाला मी काय सांगणार. कुंपणाला गिरिपुष्प लावा. आंबट जमीन त्याला चालते, फांदी रोवली की फुटते. पाला तोडून दिवसभर सुकवून द्या, ताज्या पाल्याच्या वासाने शेळ्या तोंड फिरवतात. सुबाभूळ मात्र आपल्या आंबट जमिनीत रडतखडत वाढतो, त्याच्या मागे लागू नका. राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जमीन भाजायला, कवळ (फांद्या-पाला) तोडताना या झाडांचा शेंडा राखा.

निवडुंगाचं थोडक्यात. तो रात्री रंध्रं उघडून कार्बन डाय-ऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवतो आणि दिवसा दारं लावून वापरतो. तुमच्या परसातला अननसही हेच करतो. पण ही पद्धत थंड रात्रींत चांगली चालते, आणि किनाऱ्यावर रात्रीही उकडतं. शिवाय आपल्या पावसात निवडुंगाचे फडे बुडाशी कुजतात. त्यात ९० टक्के पाणी, प्रथिनं जुजबी, आणि नुसता घातला तर जनावरं ढाळतात. हौस असेल तर पागोळीच्या आत, दगडी चौथऱ्यावर चार फडे लावा.

अंजन एवढ्यावरही करून बघायचं असेल तर उताराच्या बांधावर दहा ठोंब, मूठभर चुना घालून, आणि ओंब्या येताच कापून. हे गवत बाहेर फार पसरतं. ऑस्ट्रेलियात आणि अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात चाऱ्यासाठी नेलेल्या अंजनाने वणवे वाढवले, कारण ते वाळूनही उभं राहतं आणि जळल्यावर बुडख्यातून पुन्हा फुटतं. तुमच्या सड्याला लागून कुणाची तरी काजूची, हापूसची बाग असणारच. फेब्रुवारीत वणवा लागला की काय होतं हे आपण दरवर्षी बघतो.

आणि सडा जेसीबीने फोडून माती भरायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. दिपकाडी, ट्रायपोगॉन, कंदिलपुष्पं, पाण्यातली कीटकभक्षी सीतेची आसवं, सगळी त्या वीतभर मातीवर आहेत, आणि राजापूरच्या सड्यांवर कातळशिल्पंही आहेत. तुमचा सडा तुम्हाला भाद्रपदात दोन एकर गवत फुकट देतो.

यंदा एवढं करा: वाडीतली आणि सड्यावरची माती वेगवेगळी घेऊन दापोलीच्या कृषी विद्यापीठात किंवा जिल्ह्याच्या माती प्रयोगशाळेत पीएच तपासा, नेपियरच्या कांड्यांची सोय पाऊस सुरू व्हायच्या आत करून ठेवा, आणि पिशव्या ऑगस्टमध्येच आणा. गणपतीच्या गडबडीत त्या आणायच्या राहून जातात आणि नेमका तोच गवत कापायचा आठवडा असतो.